ओल्या हाताने धरू नये

मावशींनी आयुष्यात जेवढं लिहिलं तेवढं फार थोड्या लेखकांनी लिहिलं असेल, आणि त्यातलं जेवढं कोणीच वाचलं नाही तेवढं तर दुसऱ्या कोणाचंही नसेल. ही त्यांची निंदा नव्हे. हे त्यांचं स्वतःचंच मत आहे आणि ते त्या आल्या-गेल्याला चहाबरोबर ऐकवतात. घरगुती उपकरणांच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं त्या माहितीपुस्तिका लिहायच्या. मिक्सर, इस्त्री, गिझर, पंप, केस वाळवायचं यंत्र. खोकं उघडलं की सगळ्यात वर जी पातळ पुस्तिका असते, जी माणूस आधी बाजूला ठेवतो, मग तिच्यावर कप ठेवतो आणि शेवटी खोक्यासकट टाकून देतो, तिच्या लेखिका त्या. कारखान्यात त्यांना सूचनाबाई म्हणत.

काम मात्र त्या जीव लावून करायच्या. नवीन यंत्र टेबलावर आलं की दोन दिवस त्या त्याच्यासमोर बसत आणि जगातला सगळ्यात अडाणी माणूस याचं काय काय करेल याचा विचार करत. कोणी अंगातल्या सदऱ्यालाच इस्त्री करेल. कोणी मिक्सरच्या भांड्यात चमचा विसरेल. कोणी गिझर चालू करून मग पाणी आलंय का ते बघेल. "एवढा मूर्खपणा तुम्हाला सुचतो कसा?" असं कोणी विचारलं तर त्या म्हणायच्या, "त्यासाठी मला फार लांब जावं लागत नाही."

त्यांचे यजमान त्याच कारखान्यात दुरुस्तीला होते. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. पुस्तिका न वाचता लोकांनी जे जे जाळलं, फोडलं, बुडवलं ते घरोघरी जाऊन नीट करायचं हे त्यांचं काम. म्हणजे नवराबायको एकाच ओढ्याच्या दोन काठांना उभे होते म्हणायला हरकत नाही. मिस्त्री नेहमी म्हणत, "हिचं लिहिणं कोणी वाचत नाही, देवाची कृपा. वाचायला लागले तर मी उपाशी मरेन."

आता या सगळ्यात एक गोष्ट सांगून ठेवायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळे झाला. कारखान्याच्या छपाई विभागाचा एक नियम होता: पानाच्या तळाशी रिकामी ओळ सोडायची नाही. रिकामी जागा दिसली की गिऱ्हाइकाला वाटतं काहीतरी छापायचं राहून गेलंय आणि तो फोन करतो. त्यामुळे तळाला ओळ उरली की मावशी तिथे एखादी ताकीद टाकून द्यायच्या. कुठेही मावणारी आणि कोणाचंही नुकसान न करणारी अशी त्यांची एक ताकीद ठरलेली होती: ओल्या हाताने धरू नये. गिझरवर ती शोभायची. पण जागा उरली म्हणून त्यांनी ती भिंतीवरच्या घड्याळाच्या पुस्तिकेतही टाकली होती, आणि एकदा तर पायाने दाबायच्या हवेच्या पंपावर.

पुढे कारखान्याने पुस्तिकांत मजकूर छापणंच बंद केलं. त्याऐवजी चित्रं आली. एक बिनतोंडाचा माणूस काहीतरी करतोय आणि त्याच्यावर लाल फुली. मावशींनी ते चित्र बघितलं आणि म्हणाल्या, "ही तर मीच दिसतेय." आणि निवृत्त झाल्या.

घरी बसल्यावर पहिल्या तीन महिन्यांत त्यांनी फ्रिजवर, नळावर, मिस्त्रींच्या हत्यारांच्या पेटीवर आणि बाल्कनीच्या कडीवर चिठ्ठ्या लावल्या. मिस्त्रींनी एके दिवशी मेहुणीच्या मुलीला फोन केला. "तुझ्या मावशीला कुठेतरी कामाला लाव बाई," ते म्हणाले, "आता भिंती संपल्यात. उद्या माझ्या कपाळावर लावेल."

भाची एका गेम बनवणाऱ्या कंपनीत चित्रकार होती. तलवारी, ढाली, चिलखतं, राक्षसांचे दात असलं सगळं ती काढायची. त्या कंपनीला हवा होता मजकूर लिहिणारा माणूस. गेममध्ये खेळणाऱ्याला एखादी वस्तू सापडली की तिच्या चित्राखाली चार ओळी येतात: ही कोणी घडवली, कोणी मिरवली, हिच्यामुळे कोण मेलं. त्या ओळी लिहायच्या.

मावशी पहिल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या त्या ऑफिसात शिरल्या आणि दारातच थबकल्या. पडदे लावलेले. तीस-चाळीस पोरं-पोरी कानांवर हेडफोन चढवून खुर्च्यांत रुतलेली, कोणी कोणाशी बोलत नाही, टेबलांवर वाळलेल्या चहाचे कप. मावशींनी भाचीच्या कानात हळूच विचारलं, "कोणी गेलंय का गं?"

तिथला प्रमुख बत्तीस वर्षांचा होता आणि ऑफिसात मोज्यांवर फिरायचा. सगळे त्याला कप्तान म्हणत. त्याने विचारलं, "मावशी, तुम्ही कधी गेम खेळलात?"

"नाही."

"मग गेमचं लिहिणार कसं?"

"मी दाढीचं यंत्रसुद्धा लिहिलंय," मावशी म्हणाल्या.

कप्तान इतका हसला की त्याचा हेडफोन गळ्यात आला. मावशी कामाला लागल्या. भाची मावशी म्हणायची म्हणून सगळं ऑफिसच त्यांना मावशी म्हणायला लागलं.

जुनी खोड सुटायला वेळ लागला. आग ओकणाऱ्या ढालीखाली त्यांनी लिहिलं होतं, "लहान मुलांच्या हाती देऊ नये." अदृश्य करणाऱ्या अंगठीखाली, "वापर झाल्यावर जागेवर ठेवावी, नंतर सापडत नाही." कप्तान ते हसत हसत खोडायचा. एकदा भाचीने आग्रहाने त्यांना गेम खेळायला बसवलं. पडद्यावर सुरुवातीला सूचना आल्या: चालायचं कसं, उडी कशी मारायची. मावशींनी त्यावर एक नजर टाकली आणि "स्किप"चं बटण दाबलं. चाळिसाव्या सेकंदाला त्या विहिरीत पडून मेल्या. सगळं ऑफिस खुर्च्या वळवून बघत होतं. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," मावशी म्हणाल्या आणि पुन्हा कधी खेळायला बसल्या नाहीत.

मग विजेची काठी आली.

ती गेममधली सगळ्यात मोठी वस्तू. शेवटच्या डोंगरावर, शेवटच्या राक्षसाच्या मागे ठेवलेली. तिच्या एका फटक्याने किल्ला कोसळतो. तिचं नाव कप्तानला "महातडिद्दंड" ठेवायचं होतं, पण मावशी म्हणाल्या, "जे नाव घाबरल्यावर तोंडातून येत नाही ते हत्याराला देऊ नये." म्हणून विजेची काठी. कप्तानने सांगितलं, हिची पूर्ण दंतकथा लिहा, हात आखडू नका.

मावशींनी हात आखडला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कोणी असं सांगत होतं. त्यांनी अठरा पानं लिहिली. एका डोंगरावर एकाच झाडावर शंभर वर्षं वीज पडत राहिली. झाड जळून कोळसा झालं, पण त्याचा गाभा जळला नाही, कारण सगळी वीज तिथेच जाऊन बसली होती. लाकडं तोडणाऱ्या एका विधवेने तो गाभा काढून त्याची काठी केली. मग त्या काठीचे सात धनी झाले. एक राजा, एक दरोडेखोर, एक नावाडी, एक बंडखोर भिक्षू, असे सात. प्रत्येकाने तिच्या जोरावर काहीतरी अचाट केलं आणि प्रत्येकजण तिच्याच पायी मेला. मरताना सातही जण भरपूर बोलले. दरोडेखोराचं मरणाचं भाषण लिहिताना तर मावशींच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मिस्त्रींना वाटलं कांदा चिरतेय.

कप्तानने अठरा पानं हातात तोलून बघितली, वाचली नाहीत. "भारी," तो म्हणाला. "आता याच्या चार ओळी करा."

सात जणांना मावशींनी आपल्या हाताने कापलं. राजा आणि नावाडी एका वाक्यात गेले, दरोडेखोराचं भाषण तर श्वासासकट गेलं. कापता कापता शेवटी तीन ओळी झाल्या, तिसरी अशी: काठी जमिनीला टेकली तर पृथ्वी दुभंगेल. गेम दुसऱ्या दिवशी बाहेर पडायचा होता, ऑफिसात धावपळ चाललेली, कप्तान ओरडला की तीन पुरेत, द्या तशाच. मावशींनी पडद्यावर बघितलं. काठीच्या चित्राखाली तीन ओळी आणि तळाला एक रिकामी.

त्यांच्या बोटांना सव्वीस वर्षांची सवय होती. त्यांनी लिहिलं, "ओल्या हाताने धरू नये." आणि बस पकडायला गेल्या.

त्या दिवशी ते कोणी तपासलं नाही. पुढचे तीन महिने कोणी त्याबद्दल बोललंही नाही. गेम बरा चालला. मग कप्तानने एक दिवस मावशींना बोलावून शक्य तितक्या गोडीने सांगितलं की गेमच्या दुसऱ्या भागात मजकूर नसेल. लोक वाचत नाहीत, ओळी आल्या की बटण दाबतात, त्यापेक्षा चित्रंच बोलतील. महिनाभर आहे, सावकाश आवरा. मावशी म्हणाल्या, "त्यात एक बिनतोंडाचा माणूस घाला, मला करमेल." हसल्या. पण घरी आल्यावर भांडी घासताना त्यांना फार वाईट वाटलं. एकदा नाकारलेल्या माणसाला दुसऱ्यांदा नाकारलं जाण्याची सवय होते असं म्हणतात. ते खोटं आहे.

आणि मग एका शनिवारी सकाळी भाची चप्पल न काढताच घरात घुसली. तिच्या हातात मोबाइल होता.

"मावशी! ओले हात!"

"पुसून ये, टॉवेल तिथे आहे."

"अगं माझे नाही. काठीचे! तू हे काय लिहून ठेवलंस?"

मावशींना वाटलं, चूक सापडली म्हणायची. पण भाची नाचत होती. कोणा खेळाडूने कुठेतरी विचारलं होतं: जी काठी किल्ले पाडते, डोंगर फोडते, तिला ओल्या हाताची भीती का? त्या एका प्रश्नाला हजारो उत्तरं आली होती. लोकांनी सुतावरून स्वर्ग गाठला होता. ओले म्हणजे रक्ताने ओले, खुन्याला ती काठी चालत नाही, असं एका पक्षाचं म्हणणं. ओले म्हणजे अश्रूंनी ओले, जो रडतोय त्याने सूड घ्यायला उठू नये, असं दुसऱ्याचं. एकाने त्यावर दीड तासाचं व्याख्यान रेकॉर्ड केलं होतं. त्यात तो म्हणत होता की हे वाक्य लिहिणारा माणूस नक्कीच फार काही भोगलेला, एकांतात राहणारा असणार. मिस्त्रींनी ते ऐकलं आणि म्हणाले, "भोगलेला मी आहे."

मावशींनी ते व्याख्यान पूर्ण ऐकलं. मग प्रतिक्रिया वाचल्या. मग चष्मा पुसून पुन्हा वाचल्या. कारखान्यातली सव्वीस वर्षं आणि वर गेमचं दीड, आणि शेवटी लोकांनी त्यांचं एक वाक्य वाचलं होतं. वाचलं होतं, घोकलं होतं, एका मुलीने दंडावर गोंदवून घेतलं होतं. आणि ते नेमकं असं वाक्य होतं जे त्यांनी मुळात लिहिलंच नव्हतं, बोटांनी लिहिलं होतं. ज्या अठरा पानांत त्यांनी जीव ओतला ती ऑफिसच्या कपाटातही नव्हती. हसावं की रडावं ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी चहा टाकला.

सोमवारी कप्तान बूट घालून आला. एवढ्यावरून सगळ्यांनी ओळखलं की काहीतरी मोठं आहे. दुसऱ्या भागात मजकूर राहणार होता. नुसता राहणार नव्हता, अख्खा दुसरा भागच ओल्या हातांच्या गूढावर उभा राहणार होता आणि त्याची सगळी रचना भाचीकडे दिली होती, कारण गूढ तिच्या घरचं होतं. पुढच्या रविवारी खेळाडूंचा मेळावा. तिथे मावशी स्वतः स्टेजवर येऊन त्या वाक्याचा अर्थ सांगणार.

"अर्थ आहे ना?" कप्तानने जाता जाता विचारलं.

"नसता तर लिहिलं असतं का?" मावशी म्हणाल्या. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

तो आठवडा त्यांनी अर्थ शोधण्यात घालवला. वही घेऊन बसल्या. रक्त लिहिलं, खोडलं. अश्रू लिहिलं, खोडलं. नदीत बुडालेला एक आठवा धनी काढला, तोही पहिल्या पानावरच भाषण करायला लागला तेव्हा त्यांनी त्याला पुन्हा बुडवला. मिस्त्री पलीकडे रेडिओ उघडून बसले होते.

"अहो, अर्थ सापडत नाही."

"अगं, विचारलंय काय? ओल्या हाताने धरू नये म्हणजे काय. मग सांग ना, ओल्या हाताने धरू नये."

"एवढं ऐकायला तीनशे माणसं लांबलांबून येणार आहेत का?"

"मग झाकली मूठ ठेव," मिस्त्री म्हणाले, "सव्वा लाखाची म्हणतात."

"मुठीत काही नाही हो," मावशी म्हणाल्या. "तेच तर."

शनिवारी त्यांनी भाचीला सगळं सांगून टाकलं. तळाची ओळ, छपाईचा नियम, हवेचा पंप, सगळं. भाची आधी हसली. मग तिचं हसू हळूहळू बंद पडलं. तिने आठवडाभर रात्रंदिवस बसून अश्रूंवर सगळी रचना केली होती. एक रडणारी राणी, खाऱ्या पाण्याचं तळं, बारा चित्रं. ऑफिसात सगळ्यांसमोर ती म्हणाली होती की माझी मावशी एक शब्द उगाच लिहीत नाही.

"मावशी, तू फक्त 'अश्रू' म्हण," ती म्हणाली. "एक शब्द. बाकी मी सांभाळते. तू खरं सांगितलंस तर तुझं काम जाईल ते जाईलच, पण मला तिथे कोणी उभं करणार नाही. आणि ते लोक, मावशी, ज्यांनी तुझं एवढं वाचलं ते परत कधी वाचणार नाहीत."

हे शेवटचं भाचीने सहज म्हटलं, पण ते वर्मी लागलं. मावशींनी शब्द दिला. अश्रू तर अश्रू. गेमच तर आहे, त्यातला राक्षस तरी कुठे खरा आहे?

मेळाव्याचं सभागृह भरलं होतं. 'अश्रू' पक्षवाले रेनकोट घालून आले होते आणि 'रक्त' पक्षवाले पांढरे हातमोजे. हो, तोवर असे दोन पक्ष झाले होते आणि ते एकमेकांच्या रांगेत बसत नव्हते. निम्म्या लोकांच्या हातात पुठ्ठ्याच्या काठ्या. मिस्त्री शेवटच्या रांगेत, आपल्याला कोणी पक्ष विचारू नये म्हणून हात खिशात घालून. भाची पहिल्या रांगेत, मांडीवर बारा चित्रांची फाइल. मावशी स्टेजवर गेल्या तेव्हा अख्खं सभागृह उभं राहिलं. आयुष्यात त्यांच्यासाठी आजवर फक्त बसमध्ये एकदा कोणीतरी उभं राहिलं होतं.

कप्तानने प्रास्ताविक केलं आणि म्हणाला, "मावशी उत्तर देण्याआधी कोणाला काही विचारायचंय?"

मधल्या रांगेतून एक माणूस उठला. चाळिशीचा असेल. ना रेनकोट, ना हातमोजे. खाकी शर्ट, खांद्यावर ग्रीसचा डाग. सरळ कामावरून आलेला दिसत होता.

"बाई, मी वायरमन आहे," तो म्हणाला. "विजेच्या खांबांवर काम करतो. संध्याकाळी आम्ही चार-पाच जण हा गेम खेळतो. मला एवढंच विचारायचंय, ही साधी सूचनाच आहे ना?"

सभागृहात हशा पिकला. माणूस लाजला, पण बसला नाही.

"माझे दोस्तपण असेच हसतात. म्हणतात, तुला कविता कळत नाही. पण मी पहिल्या दिवशी वाचलं तेव्हाच मला वाटलं, हे कोणीतरी कामातल्या माणसाने लिहिलंय. वीज आहे, तर हात कोरडे पाहिजेत. यात अश्रू कुठून आले?"

मावशींनी पहिल्या रांगेकडे बघितलं. भाची डोळ्यांनी सांगत होती: एक शब्द. शब्द तोंडात तयार होता. पण तो बाहेर पडला असता तर या तीनशे माणसांत हा एकच माणूस खोटा ठरला असता. आणि त्यांचं वाक्य जसं होतं तसं वाचणारा तेवढा एकच होता. बाकीच्यांना काखेत कळसा असून गावाला वळसा घालायचा होता. मावशींना आपली भाची फार प्रिय होती. आपलं लिहिणं वाचलं जावं ही हावही त्यांना कमी नव्हती, उलट ती किती आहे ते त्या आठवड्यात त्यांना कळलं होतं. तरी त्यांच्याने ते होईना.

"हो," त्या म्हणाल्या. "सूचनाच आहे. तळाला एक ओळ उरली होती, ती मी सवयीने भरली. मी आधी गिझरच्या पुस्तिका लिहायचे. त्यात रक्त नाही, अश्रू नाहीत, काही नाही. माफ करा."

एवढं शांत सभागृह मावशींनी ऑफिसच्या पहिल्या दिवसानंतर बघितलं नव्हतं. कप्तान आपल्या बुटांकडे बघत होता. भाचीने फाइल बंद केली. कोणीतरी मागून म्हणालं, "म्हणजे काहीच नव्हतं?" आणि एक रेनकोटवाली मुलगी दंडावर हात ठेवून बसून राहिली.

वायरमन मात्र अजून उभाच होता.

"मग आणखी एक," तो म्हणाला. "सूचना आहे तर नीट विचारतो. तिसऱ्या ओळीत तुम्ही लिहिलंय, काठी जमिनीला टेकली तर पृथ्वी दुभंगेल. आणि चौथ्या ओळीत, ओल्या हाताने धरू नये. आता समजा काठी माझ्या हातात आहे, हात ओले झालेत आणि ती निसटतेय. मग मी काय करायचं? धरायची की सोडायची?"

मावशींनी मनात दोन्ही ओळी एकापाठोपाठ वाचल्या. सूचना लिहिणाऱ्याचा पहिला धडा असा की दोन सूचना एकमेकींच्या आड येऊ द्यायच्या नाहीत. माणूस त्यांच्या मध्ये सापडतो. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून ही चूक कधी झाली नव्हती. पंडितांनी दीड-दीड तासांची व्याख्यानं दिली, पण ही एवढी मोठी भेग कोणाला दिसली नव्हती, त्यांना स्वतःलासुद्धा नाही. त्यांना ते सात धनी आठवले. सातही जणांना त्यांनी काठी घट्ट धरलेली असतानाच मारलं होतं, आणि वर भाषणं करायला लावली होती. त्यांतल्या एकालाही कोणी 'सोड' एवढ्या एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

"सोडायची," मावशी म्हणाल्या.

"पृथ्वी दुभंगेल की."

"दुभंगू दे. निसटलेली वस्तू धरायला जायचं नाही. हात काढून घ्यायचा आणि बाजूला व्हायचं. पृथ्वीचं मग बघता येईल."

कोणीतरी हसलं, पण वायरमन हसला नाही.

"आम्हाला कामावर उलट सांगतात," तो म्हणाला. "लाइन बंद पडता कामा नये, असं सांगतात. पाऊस असला तरी. तीन वर्षांपूर्वी माझा जोडीदार असाच गेला. वायर निसटली, ती धरायला गेला." मग म्हणाला, "जग थांबलं तरी चालेल, तू बाजूला हो, हे त्याला कोणी सांगितलंच नाही, बाई." आणि तो बसला.

मावशींना रडू कोसळलं. तीनशे माणसांसमोर, स्टेजवर, माइक हातात असताना त्या ओक्साबोक्शी रडल्या. दरोडेखोरासाठी आलेलं पाणी आणि हे पाणी यांत किती फरक आहे ते त्यांना तेव्हा कळलं.

आणि मग काय व्हावं? रेनकोटवाले ताडकन उभे राहिले. "अश्रू!" एक पोरगा ओरडला. "बघा! अश्रू! त्या सांगत नाहीयेत, दाखवतायत!" अर्धं सभागृह टाळ्या वाजवत होतं, हातमोजेवाले हातमोजे काढून टाळ्या वाजवत होते, कप्तानचा चेहरा उजळला होता आणि त्याने भाचीला हात धरून उभं केलं होतं. भाची एकीकडे फाइल उघडत होती, एकीकडे मावशींकडे बघत तिचेही डोळे भरून आले होते. मावशी माइकमध्ये सांगत होत्या, "अहो नाही, तसं नाही, ऐका तरी," पण जितकं सांगावं तितक्या टाळ्या वाढत होत्या. भाचीचं काम वाचलं होतं, मावशींचं वाचलं होतं, आणि खरं बोलूनही त्या जगात पक्क्या खोट्या ठरल्या होत्या.

त्या गोंधळात मधल्या रांगेत एकच माणूस बसलेला होता. तो टाळ्या वाजवत नव्हता. त्याने मावशींकडे बघून फक्त मान हलवली: कळलं, अशी. मावशींनीही हलवली. मग तो उठला, खुर्चीखालची पिशवी खांद्याला लावली आणि गर्दीतून वाट काढत दाराकडे निघाला. मावशी माइक खाली ठेवून तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिल्या. त्यांना एक वाचक मिळाला होता, आणि तो उद्या सकाळी पुन्हा खांबावर चढणार होता.